ज्यू परंपरेतील दयाधर्म : घर, शेत आणि स्वतंत्रपूर

ज्यू धर्मशिकवणुकीत दया आधी कृतीत मोजली जाते. दारात आलेल्या माणसाला पाहून घरच्यांचा जीव कळवळला का, हा प्रश्न धर्मशास्त्र मागे ठेवते. त्याला जेवायला वाढले का, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी दिली का, तो आजारी असताना कोणी जाऊन आले का, हे ते आधी विचारते. त्यामुळे या परंपरेतील दयाधर्माला नियम आहेत, वेळा आहेत, किमान व कमाल मर्यादा आहेत. त्याची खरी शाळा सिनेगॉग नसून घर आहे, आणि लहान मुले असलेले तरुण कुटुंब ही त्या शाळेची पहिली इयत्ता मानली जाते.

या विषयात दोन संज्ञा पुन्हा पुन्हा येतात. गरजूला दिलेले द्रव्य म्हणजे त्सेदाका आणि प्रत्यक्ष उपयोगी पडण्याची कृती म्हणजे गेमिलुत हसादिम, थोडक्यात हेसेद. तल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातील सुक्का या प्रकरणात दोन्हींची तुलना करून हेसेदला तीन कारणांनी वरचे स्थान दिले आहे. त्सेदाका पैशाने होते, तर हेसेद पैशाने होते आणि अंगमेहनतीनेही. त्सेदाका गरिबापुरती असते. हेसेदची गरज श्रीमंतालाही पडते. त्सेदाका जिवंत माणसाला मिळते, हेसेद मृतालाही, कारण अंत्यविधी नीट पार पाडणे हा तिचाच भाग. ‘पूर्वजांची वचने’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्ना या जुन्या विधिसंग्रहाच्या भागात शिमोन हा धर्मनिष्ठ पुरोहित जगाचे तीन आधार सांगतो. धर्माध्ययन आणि उपासना यांच्या जोडीला तिसरा आधार हेसेदचा आहे.

मर्यादांचा मुद्दा तरुण संसाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान करावा हा सर्वमान्य संकेत, आणि पाचव्या हिश्शापेक्षा अधिक देऊ नये ही रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, घातलेली वरची सीमा. देणाऱ्यानेच उद्या हात पसरू नये, एवढा व्यवहार त्यामागे आहे. अंगमेहनतीच्या हेसेदला मात्र मिश्ना वरची सीमा घालत नाही. घराचे हप्ते आणि तान्हे मूल यांत अडकलेल्या जोडप्याला या मांडणीत एक सोय मिळते : खिसा आखडता असला तरी शेजारणीचे मूल तासभर सांभाळता येते आणि ते हिशेबात दुय्यम धरले जात नाही.

या सगळ्याचा आधार कोणता? सोटा या प्रकरणात त्याचे उत्तर आहे. देवाच्या मार्गाने चालायचे म्हणजे काय करायचे, असा प्रश्न तेथे येतो. उत्तर असे की, तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, आरंभी देव आदाम आणि हव्वा यांना कपडे करून घालतो आणि शेवटी मोशेला पुरतो. मधल्या भागात तो सुंता झालेल्या अब्राहामाची विचारपूस करायला येतो. माणसाने याच गोष्टी कराव्यात : उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची भेट, शोक करणाऱ्याचे सांत्वन, मृताला माती. अब्राहाम स्वतः या शिकवणीचा पहिला नमुना ठरतो. दुपारच्या उन्हात तंबूच्या दारात बसलेला तो म्हातारा तीन अनोळखी वाटसरू दिसताच धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो आणि सारेला भाकऱ्या करायला सांगतो. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या ज्यू कथांत ही कथा बहुधा पहिल्या चार-पाचांत असते.

शेतापासून उंबऱ्यापर्यंत

तोरातील दयाधर्माचे सर्वांत जुने नियम शेतकऱ्यांसाठी आहेत, आणि सातारा-सांगलीच्या वाचकाला ते फारसे परके वाटू नयेत. लेवीय या ग्रंथाचा १९ वा अध्याय सांगतो की, पीक काढताना शेताचा कोपरा सोडावा, खाली पडलेली कणसे पुन्हा वेचू नयेत आणि द्राक्षमळ्यातील गळालेले घोस गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावेत. शाळू किंवा भुईमूग निघाल्यावर रानात सरवा वेचणाऱ्या बायका पश्चिम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आल्या आहेत. फरक असा की, मराठी मुलखात सरवा ही मालकाच्या मर्जीची बाब राहिली, तर ज्यू कायद्याने त्याला गरिबाचा हक्क केले. मालक तो कोपरा आपल्या पाहुण्याला देऊ शकत नाही, आपल्या आवडीचा गरीब निवडूही शकत नाही. मिश्नाने त्या कोपऱ्याचे किमान माप साठावा हिस्सा ठरवले. रूथ ही परदेशी विधवा बेथलेहेमच्या शिवारात असाच सरवा वेचत सासूला जगवते. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगून काही पेंढ्यांतले धान्य तिच्यासाठी मुद्दाम पडू देतो. कोणाच्या लक्षात येणार नाही असे देणे, हा पुढे रब्बींनी खूप वाढवलेला विचार त्या प्रसंगात आधीच आहे.

त्याच अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नये, बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, असे नियम सलग येतात आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञाही तेथेच येते. ती आज्ञा सुटी काढून भिंतीवर लावली जाते, पण मूळ जागी तिच्या आजूबाजूला मजुरी, वजनमापे आणि पडलेली कणसे आहेत, हे विसरले जाते. कर्जाचे नियमही असेच तपशीलवार आहेत. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज नको. गहाण आणायला सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. पांघरूण गहाण घेतले असेल तर रात्र पडण्याआधी परत करावे, कारण त्याच्याकडे अंगावर घ्यायला दुसरे काही नाही. घरच्या भांड्याकुंड्यांपर्यंत पोचणारी सावकारी या मुलखाला नवी नव्हती. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता, आणि आजचा सांगलीचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे.

शेतीपासून दूर गेलेल्या ज्यू समाजांत हे नियम घरात आले. बाराव्या शतकात मैमोनिदीज या धर्मपंडिताने आपल्या धर्मसंहितेत दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यांत खालची पायरी कुरकुरत देण्याची. त्यावरच्या पायऱ्यांत मागितल्यावर देणे, न मागता देणे, देणाऱ्याने घेणाऱ्याला न ओळखणे, घेणाऱ्याने देणाऱ्याला न ओळखणे आणि दोघांनीही एकमेकांना न ओळखणे असा क्रम चढत जातो. सगळ्यांत वर आहे ती दानाची गरजच संपवणारी मदत : हातउसने देणे, धंद्यात भागीदार करून घेणे, काम मिळवून देणे. बिनव्याजी कर्ज देणारे छोटे फंड ज्यू वस्त्यांत जागोजागी चालतात ते या वरच्या पायरीमुळे. मात्र प्रत्येक उसनवार या पायरीवर बसत नाही. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी मिळणारी उचल दिसायला कर्जच असते, पण ती फेडता फेडता कुटुंब मुकादमाला बांधले जाते. मैमोनिदीजच्या कसोटीला ती उतरणार नाही, कारण त्याच्या मते कर्ज घेणारा शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा.

गुप्तदान इतके वाखाणले गेले तरी तल्मूदने त्याला एक मार्मिक उतारा ठेवला आहे. मार उक्वा हा विद्वान रोज शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या फटीत गुपचूप नाणी ठेवी. एके दिवशी तो पत्नीसह तेथे गेला असता गरीब माणूस देणाऱ्याला पाहायला बाहेर आला. त्याला ओशाळे वाटू नये म्हणून नवरा-बायको पळाले आणि नुकत्याच विस्तव काढलेल्या भट्टीत लपले. मार उक्वाचे पाय भाजू लागले, पत्नीचे नाही. तिने त्याला आपल्या पायांवर पाय ठेवायला सांगितले आणि कारणही सांगितले : ती घरात असते, दारात आलेल्याला थेट अन्न देते, ते लगेच पोटात जाते, नाणी घेऊन मात्र त्याला बाजारात जावे लागते. दयाधर्मात स्वयंपाकघराचे पारडे असे जड ठरते.

मूल काय पाहते

मुलांना दया कशी शिकवावी यावर रब्बींनी स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याऐवजी मोठ्यांच्या वागण्यालाच नियम लावले. सर्वांत नेमका नियम रब्बी झेइरा याच्या नावावर आहे : मुलाला काही देतो म्हणून सांगावे आणि मग देऊ नये, असे करू नये, कारण त्यातून ते खोटे बोलायला शिकते. रडणारे मूल गप्प करायला ‘संध्याकाळी खाऊ आणतो’ असे म्हणून विसरून जाणारा बाप या नियमात बरोबर सापडतो. बापाने मुलाला एखादे कसब शिकवावे हेही तल्मूद त्याचे कर्तव्य मानते. ज्याच्या हाताला काम नाही तो दुसऱ्यांवर भार होतो किंवा चोरीकडे वळतो, अशी त्यामागची धास्ती आहे.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दलचे संकेतही दयाधर्मातच मोजले जातात. बायको ठेंगणी असेल तर वाकून तिचा सल्ला ऐकावा, असे एक लोकवचन तल्मूदमध्ये नोंदलेले आहे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येऊ नये याबद्दल नवऱ्याने जपावे असा इशारा त्याच पानावर आहे. शाब्बाथचा, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाचा, दिवा आणि हनुक्का या सणाचा दिवा यांपैकी एकाचेच तेल घरात असेल तर शाब्बाथचा लावावा, कारण अंधारात ठेचकाळणाऱ्या घरात शांतता राहत नाही. देवाच्या चमत्काराच्या स्मरणापेक्षा घरची शांतता वर ठेवणारा हा निर्णय कोरडा कायदा वाटतो, पण तरुण जोडप्यांना शिकवण्यासारखा आहे.

बोलण्याबाबत परंपरा विशेष कडक आहे. चारचौघांत एखाद्याचा चेहरा पांढरा पाडणे हे रक्त सांडण्यासारखे, असे तल्मूद मानते. पश्चात्ताप केलेल्याला त्याच्या जुन्या कृत्यांची आठवण देऊ नये. विकत घ्यायचे नसताना दुकानदाराला उगाच भाव विचारू नये. हे दोन्ही शब्दांनी केलेल्या छळाचे प्रकार. पोलंडचे रब्बी इस्राएल मेइर कागान (१८३८-१९३३) यांनी १८७३ मध्ये निंदेच्या नियमांवर आणि पुढे १८८८ मध्ये हेसेदवर ग्रंथ लिहिला. आजच्या धार्मिक ज्यू घरांत जेवणाच्या टेबलावर रोज एक-दोन नियम वाचण्याची जी प्रथा दिसते ती बहुतांशी त्यांच्या निंदाविषयक ग्रंथामुळे. शेजाऱ्यांची उणीदुणी काढण्याची सवय जेवणाच्या वेळीच सर्वांत जोरात असते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

मुलांच्या हातून करून घ्यायच्या गोष्टी थोड्या आणि ठरलेल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागण्याआधी दानपेटीत नाणे मूल टाकते. घरच्या जनावरांना मालकाच्या आधी खायला मिळते. तल्मूद हा क्रम तोरातील वाक्याच्या क्रमावरून काढतो. रिबेका ही मुलगी विहिरीवर आलेल्या वाटसरूलाच नव्हे तर त्याच्या दहा उंटांना पाणी पाजते, आणि इसहाकासाठी वधू शोधायला निघालेल्या नोकराची तीच परीक्षा होती. दहा उंटांचे पाणी पोहऱ्याने शेंदायचे म्हणजे किती खेपा झाल्या असतील, हे दुष्काळी माण-आटपाडीतल्या पोराला समजावून सांगावे लागणार नाही.

आजाऱ्याच्या भेटीचे नियम मुलांनाही पाळता येतील इतके साधे आहेत. नातलग आणि मित्रांनी लगेच जावे, इतरांनी तीन दिवसांनी. दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या तीन तासांत जाऊ नये. भेटायला येणारा आजाराचा साठावा भाग घेऊन जातो, अशी समजूत तल्मूद नोंदवते. रब्बी अकिवा याचा एक शिष्य आजारी पडला. कोणी फिरकले नाही. अकिवा स्वतः गेला, त्याची जागा झाडून तिथे पाणी शिंपडले, आणि शिष्य उठून बसला. एवढ्या मोठ्या विद्वानाने तेथे प्रवचन दिल्याचा उल्लेख नाही. झाडू मात्र आहे. मृत्यूनंतर सांत्वनाला जाणाऱ्यांनीही आधी अन्न न्यायचे असते. दफनानंतर शोकाकुल कुटुंबाने पहिले जेवण स्वतःचे खाऊ नये, ते शेजाऱ्यांनी आणावे, असा संकेत आहे. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठले-भाकरी पोचवणाऱ्या मराठी आळ्यांना तो समजावून द्यावा लागत नाही.

दयेची हद्द कुठपर्यंत, हा प्रश्न मात्र परंपरेत नेहमी वादाचा राहिला. प्राधान्यक्रम स्पष्ट आहे : घरचा गरीब आधी, मग गावचा, मग परगावचा. बिगरज्यू गरिबांना ज्यू गरिबांबरोबर पोसावे, त्यांच्या आजाऱ्यांना भेटावे, त्यांचे मृत पुरावेत, असेही तल्मूद सांगते आणि त्याचे कारण ‘शांततेच्या मार्गासाठी’ असे देते. काही भाष्यकारांनी याचा अर्थ शेजाऱ्यांशी तंटा टाळण्याची सावधगिरी असा घेतला, तर काहींनी ती तोराचीच मूळ वृत्ती मानली. दुसरा अर्थ अधिक पटणारा आहे. परक्याला जाच करू नका, तुम्हीही मिसरमध्ये परके होता, हे तोरा वारंवार बजावते, आणि तेथे शेजाऱ्यांच्या रागाचा विषय नाही.

मराठी बोलणारे इस्राएल

महाराष्ट्रात ही शिकवण जगली ती बेने इस्राएल समाजात. परंपरेनुसार कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे हे वंशज. तेलाच्या घाण्यावर काम करून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनिवार तेली म्हटले गेले. गावांवरून पडलेली पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, नागावकर अशी आडनावे त्यांनी घेतली आणि घरची भाषा मराठी ठेवली. तल्मूद त्यांच्याकडे कित्येक शतके नव्हता. त्यामुळे हेसेदचे नियम ग्रंथातून न येता सणांतून आणि घरच्या रीतींतून टिकले.

सणांची नावेच त्याची साक्ष देतात. नव्या वर्षाचा नव्याचा सण, त्यानंतर उपास आणि प्रायश्चित्ताचा दारफळणीचा सण. त्या दिवशी दारे लावून घरातले सगळे आत बसत, बाहेरच्याशी संबंध नसे. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारे उघडत, गरिबांना दान दिले जाई आणि नातलगांच्या, मित्रांच्या घरी भेटी होत. प्रायश्चित्तानंतर लगेच देण्याघेण्याचा दिवस ठेवण्यामागे धर्मपंडिताचा हात नव्हता. कोकणातल्या साध्या तेल्यांनी तो आपसूक ठेवला. नवस फेडताना किंवा शुभकार्याला होणारा मलिदा, म्हणजे पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचा एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचा प्रसाद, जमलेल्या सगळ्यांना वाटला जातो. अलिबागजवळ एलियाहूच्या नावाने पवित्र मानले जाणारे खडकावरचे स्थान आजही नवसाला गजबजते.

मुंबईतल्या पहिल्या बेने इस्राएल सिनेगॉगची कथाही याच सूत्राला धरून आहे. सामाजी हसाजी दिवेकर हा कंपनीच्या फौजेतला सैनिक टिपू सुलतानाच्या कैदेत पडला आणि सुटला. सुटकेचा नवस म्हणून त्याने १७९६ मध्ये मांडवीत शाआर हाराहमिम, म्हणजे दयेचे दार, हे सिनेगॉग बांधले असे समाज सांगतो. कैद्यांची सुटका करणे हे ज्यू कायद्यात दानाच्या सर्व प्रकारांपेक्षा वरचे कर्तव्य मानले जाते. एका सुटलेल्या कैद्याच्या हातून समाजाचे पहिले प्रार्थनागृह उभे राहिले, हे म्हणूनच लक्षात घेण्याजोगे.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ मराठीत आले. पेसाह या सणाच्या जेवणाची पोथी, हग्गादा, १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीत भारतीय पोशाखातल्या स्त्रिया मात्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, करताना चित्रात दिसतात. त्या पोथीची सुरुवातच भुकेल्या माणसाला जेवायला बोलावण्याने होते आणि ती वाचायची असते मुलांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० पासून कीर्तनोत्तेजक मंडळाच्या आधाराने योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनांत रंगू लागली. भावांनी विकलेला योसेफ दुष्काळात त्याच भावांना धान्य देतो, हा भाग ज्या श्रोत्यांनी १८७६-७८ चा दुष्काळ नुकता पाहिला होता त्यांना वेगळा लागला असणार.

शिक्षण ही मदतीची वरची पायरी हे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ओळखले. १८७५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झालेली इस्राएली शाळा पुढे सर एली कदुरी शाळा म्हणून ओळखली गेली आणि रिबेका रूबेन यांनी तिचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ सांभाळले. १९१३ मध्ये स्त्री मंडळ स्थापन झाले. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत प्रसूतिशास्त्रात आयुष्य घालवले आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बगदादी ज्यूंची मोठी देणगी, पुण्याचे ससून रुग्णालय, मराठी माणसाच्या तोंडी इतके बसले आहे की ते नाव ज्यू आहे हे अनेकांना माहीतही नसते.

शिकवण आणि वागणूक यांतील अंतर येथेही होते. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असा भेद होता. मिश्र वंशाच्या म्हणून काळ्या ठरवलेल्यांशी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. सभोवतालच्या जातिव्यवस्थेचा हा संसर्ग, असे म्हणून त्याकडे पाहिले जाते, पण परक्याला जाच करू नये असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या समाजाला एवढी सफाई पुरेशी नाही. पुढे तोच समाज दुसऱ्या बाजूला उभा राहिला. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी करण्याचे आदेश तेथील मुख्य रब्बींनी १९६० च्या दशकाच्या आरंभी काढले. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली आणि १९६४ मध्ये रब्बींना ते मागे घ्यावे लागले. चारचौघांत कोणाला खाली पाहायला लावू नये या नियमाचा भंग धर्मपीठानेच केल्याचे ते उदाहरण आहे.

औंध आणि आटपाडी

बेने इस्राएलांची वस्ती कोकणकिनारा, मुंबई, ठाणे आणि पुणे अशी पसरली. सातारा-सांगलीशी ज्यू जगाचा सर्वांत ठळक संबंध एका पोलिश माणसामुळे आला. मॉरिस फ्रीडमन १९०१ मध्ये वॉर्सात ज्यू कुटुंबात जन्मला, अभियंता झाला आणि १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानच्या विजेच्या कारखान्यात कामाला आला. येथे तो गांधीजींकडे व रमण महर्षींकडे ओढला गेला आणि संन्यास घेऊन भारतानंद झाला. धनुष तकली हे सूत कातण्याचे साधन त्याचेच. औंधचे युवराज अप्पासाहेब पंत यांच्याशी मैत्री जुळल्यावर तो औंधला आला.

औंध हे ७२ गावांचे लहान संस्थान होते, तेही सलग नसलेले : औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि किर्लोस्करवाडीचा कुंडल भाग आजच्या सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरवले. गांधीजींच्या सल्ल्याने, फ्रीडमन आणि अप्पासाहेब यांच्या मसुद्याने जानेवारी १९३९ मध्ये घटना आली. तिचा पाया गावची पंचायत होती. त्यावर तालुका, त्यावर राज्य. तंटे शक्यतो गावातच मिटवण्यावर भर होता.

याच प्रयोगातून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभे राहिले. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीशिवाय राहत, शेती करत, आणि बायको-मुलांना सोबत ठेवू शकत. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कैद्याची शिक्षा त्याच्या घरालाही भोगावी लागते : घरचा कमावता जातो, पोरांना गावात मान वर करता येत नाही. स्वतंत्रपुरात बाप सकाळी रानात जाई आणि संध्याकाळी मुलांच्यात परत येई. पळून जाण्यापासून त्याला अडवणारे तेच मोठे कारण होते. आटपाडीजवळच्या माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी या वसाहतीच्या पार्श्वभूमीवरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये आला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. चित्रपटात मात्र सहा कैदी एकटे आहेत आणि कुटुंबांची जागा एका खेळणी विकणाऱ्या तरुणीने घेतली आहे. पडद्यासाठी ते सोयीचे असेल, पण मूळ प्रयोगाचा कणा त्यात हरवला.

फ्रीडमनला ज्यू धर्माचा प्रचारक ठरवणे चूक होईल. त्याने औपचारिक ज्यू धर्म मागे टाकला होता आणि आयुष्याच्या अखेरीस निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी रूप सिद्ध करण्यात तो रमला. १९७६ मध्ये मुंबईत त्याचे निधन झाले. स्वतंत्रपूर ही कल्पना औंधची, गांधीवादी वातावरणातली. तरीही ज्यू कायद्याचा अभ्यासक तेथे दोन ओळखीचे नियम पाहील. एक, पश्चात्ताप केलेल्याला जुने कृत्य ऐकवू नये. दुसरा थोडा विलक्षण आहे : चोरलेली तुळई घरात बसवली असेल तर घर पाडून ती परत मागू नये, तिची किंमत घ्यावी. घर पाडायला लावले तर चोर कधीच कबूल होणार नाही, म्हणून रब्बींनी पश्चात्तापाची वाट सोपी ठेवणारा हा नियम केला. भिंती काढून कुटुंब जोडून ठेवणारी वसाहत त्याच व्यवहारज्ञानावर उभी आहे.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. आटपाडीचा भाग पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, ज्याचे नाव १९६० मध्ये सांगली झाले. स्वतंत्रपूर कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालू राहिले.

बेने इस्राएलांची संख्या स्वातंत्र्याच्या सुमारास २० हजारांच्या घरात होती. आज भारतातील सर्व ज्यू मिळून काही हजारच उरले आहेत, बहुतेक मुंबई-ठाण्यात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. संख्या घटली की दयाधर्माचा भार थोड्या घरांवर पडतो : प्रार्थनेला दहा पुरुष जमवणे, एकट्या वृद्धांकडे जाणे, दफनाला खांदे देणे ही कामे तीच तीच तरुण कुटुंबे वाटून घेतात. इस्राएलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा येथे स्थायिक झालेल्यांच्या घरी तल्मूदी नियम आता हिब्रू शाळांतून येतात, आणि मलिदा मात्र आजीकडून शिकला जातो. तिथल्या मराठी नियतकालिकाचे नाव ‘मायबोली’ आहे.